आधी निश्चित पगार विचारा

प्रश्न : यंदा बी.कॉम. झालो. विमाविक्रीत ‘महिना २८ हजारांपर्यंत’ आणि बिस्किटांच्या वितरकाकडे निश्चित १७ हजार. कोणती नोकरी घेऊ?

उत्तर : २८ हजारांत निश्चित पगार किती, इन्सेंटिव्ह किती, हे नेमणूकपत्रात लेखी मागा. विम्यात पहिली गिऱ्हाइकं बहुधा नातेवाईकच असतात. ती संपली की टार्गेट अंगावर येतं. वितरकाकडे रोज ठरलेल्या बीटवरची (नेमून दिलेल्या मार्गावरची) दुकानं, ऑर्डर, उधारीची वसुली, मुदत संपलेला माल परत घेणं. काम पायपिटीचं आहे, पण पुढे सेल्स ऑफिसर होताना दुकानदारांशी झालेली हीच ओळख उपयोगी पडते. पेट्रोलभत्ता वेगळा मिळतो ना, पीएफ कापतात ना, हे विचारा. जमलं तर तिथल्या सेल्समनबरोबर एक दिवस बाजार फिरा. भत्ता मिळत असेल, तर १७ हजारांची घ्या. आणि डिपॉझिट किंवा मूळ गुणपत्रिका कुणालाही देऊ नका.