काचेचे तुकडे : माल स्वस्त, धार महाग

कापडाच्या दुकानदाराने काचेवर लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. परंतु दिघी, भोसरी, आळंदी रस्ता या आमच्या पट्ट्यात आरसे लावलेले घागरे, ओढण्या, तोरणे व उशांचे अभ्रे यांना नवरात्रात आणि लग्नसराईत मागणी असते. या मालात कापडाइतकेच महत्त्व त्यावरच्या आरशाच्या तुकड्याला आहे. शिवाय फोटो फ्रेम, रंगीत काचेचे कंदील, तुकड्यांची नक्षी असे काम घरी हौसेने करणारे व त्यातून चार पैसे मिळवणारे लोकही आहेत. या सर्वांचा प्रश्न एकच असतो : लहान तुकडे कोठून आणावेत आणि कसे कापावेत? आम्ही हे नुकसान सोसून शिकलो. तेच येथे क्रमाने मांडत आहोत.

नुकसानीचा धडा

काही वर्षांपूर्वी नवरात्राच्या तोंडावर आम्ही घाग-यांची एक ऑर्डर घेतली. तयार आरसे महाग वाटले म्हणून एका काचवाल्याकडून ३ मिलिमीटर जाडीच्या आरशाची कातरण किलोवर उचलली, इंचाचे चौकोन पाडून घेतले आणि टाके घालण्यासाठी वस्तीतील बायकांकडे दिले. माल वेळेवर गेला आणि आठ दिवसांत परत आला. आरसे गळत होते. आम्ही दोष टाक्यांना दिला. तेव्हा एका बाईने घागरा आमच्यापुढे पसरला, तुटलेला धागा दाखवला आणि म्हणाली, "चाचा, धागा आमचा कच्चा नाही, काच तुमची कच्ची आहे." खरेच होते. तुकड्यांची धार घासलेलीच नव्हती. काच धाग्याला आतून कापत होती. बायकांची मजुरी आम्ही पूर्ण दिली व तोटा स्वतः सोसला, कारण चूक खरेदीची होती, हाताची नव्हती.

आधी जाडी पाहावी

काचेच्या वजनाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. म्हणजे २ मिलिमीटरची एक चौरस फूट काच सुमारे ४६५ ग्रॅम आणि ३ मिलिमीटरची सुमारे ७०० ग्रॅम. इंचाचा चौकोन ३ मिलिमीटरचा घेतला तर जवळजवळ ५ ग्रॅमचा होतो. घाग-यावर असे २०० आरसे लावले की किलोभर ओझे कापडावर लटकते. तेच आरसे १ मिलिमीटरचे असतील तर ओझे सव्वातीनशे ग्रॅमच्या आत राहते. म्हणून कापडासाठी मिळेल तितकी पातळ काच घ्यावी. फ्रेमसाठी २ मिलिमीटर आणि टेबलावर ठेवायच्या वस्तूंसाठी ३ ते ४ मिलिमीटर पुरेशी होते.

किलोवर खरेदी करणा-यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक किलो २ मिलिमीटर काचेत इंचाचे सुमारे ३१० तुकडे बसतात, ३ मिलिमीटरच्या काचेत सुमारे २०७. दर एकच असेल तर पातळ काच घेणाराच फायद्यात राहतो.

माल कोठून घ्यावा

पहिले ठिकाण म्हणजे खिडक्यांचे व फ्रेमचे काम करणारा काचवाला. त्याच्याकडे रोज कातरण पडते व ती ठेवायला त्याला जागा नसते. संध्याकाळी, काम संपताना जावे आणि आपल्याला कोणत्या मापाचे तुकडे चालतात ते सांगून ठेवावे. ओरखडे पडलेली किंवा फार जुनी काच फुकट मिळाली तरी घेऊ नये. ती रेषेवर न तुटता वेडीवाकडी फुटते. कटर, पकड, घासण्याचा दगड ही हत्यारे पुण्यात रविवार पेठेच्या बोहरी आळीत मिळतात.

दुसरे ठिकाण भंगारवाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतील भंगाराची शेड व गोदामे महापालिकेने मोठ्या प्रमाणावर पाडली आणि आमची तिकडची खेप थांबली. पण भंगार कोठूनही घ्या, एका सापळ्यापासून सावध राहावे. आपला पट्टा मोटारींचा आहे. चाकणजवळ कुरुळी येथे सेंट-गोबेन सिक्युरिटचा वाहनांच्या काचांचा कारखानाही आहे. त्यामुळे गाड्यांच्या काचा भंगारात भरपूर दिसतात. त्या आपल्या कामाच्या नाहीत. गाडीच्या दाराची काच बहुधा टफन्ड असते, म्हणजे तापवून एकदम थंड केलेली. ती जे काही कापायचे ते तापवण्यापूर्वीच कापलेले असते. नंतर तिच्यावर कटर चालवला तर पूर्ण काचेचे बारीक दाणे होतात. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते, ती रेषेवर सुटी होत नाही. काचेच्या कोप-यात कोरलेला शिक्का दिसला तर ती काच बाजूला ठेवावी.

तयार गोल आरशांची परंपरा गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या कपडवंज गावाशी जोडलेली आहे. तेथे काचेचा मोठा पातळ फुगा फुंकून, त्याला आतून चकाकी देऊन मग तो फोडत. म्हणून जुन्या भरतकामातील आरसा किंचित फुगीर दिसतो. बायका असे तुकडे खास कात्रीने आकारात कापतात आणि कपचा उडू नयेत म्हणून कात्री व काच दोन्ही ओली ठेवतात. आमचे शिक्षण उर्दूतून झाले. उर्दूत शीशा म्हणजे काच. भरतकामाच्या बाजारात मात्र शीशा म्हटले की हाच लहान आरसा समजतात.

कापण्याची रीत

आम्हा कापडवाल्यांना एक गोष्ट लवकर समजते. सुती कापड सरळ फाडायचे तर काठावर कात्रीची लहान चीर देतो आणि मग ओढतो. कापड चिरेच्या मार्गाने जाते. काचेचेही तसेच आहे. कटर काच कापत नाही, तो फक्त चीर देतो. काच आपण तोडतो.

१) काच पुसून कोरडी करावी व सपाट टेबलावर जाड कापड अंथरून त्यावर ठेवावी. डोळ्यांवर चष्मा व पायात बंद बूट हवेत.

२) पूर्वी काचवाले हि-याच्या टोकाची हिरकणी वापरत. आता कार्बाइडच्या चाकाचे कटर मिळते. चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्यावा.

३) पट्टी धरून एका कडेपासून दुस-या कडेपर्यंत, एकाच दाबाने, न थांबता रेषा ओढावी. कापड फाटताना येतो तसा बारीक, सलग आवाज आला म्हणजे रेषा बरोबर आहे. पांढरा भुगा उडाला तर दाब जास्त झाला.

४) त्याच रेषेवर दुस-यांदा कटर फिरवू नये. रेषाही बिघडते आणि चाकही बोथट होते.

५) रेषा ओढताच काच तोडावी. रेषेच्या दोन्ही बाजूंना अंगठे वर व बोटे खाली धरून बाहेरच्या बाजूस वाकवावी.

६) लहान तुकड्यांसाठी काच आधी अर्धी करावी, मग अर्ध्याची अर्धी. दोन्ही बाजू सारख्या असल्या की तोड सरळ जाते. शेवटच्या अरुंद पट्ट्या पकडीने तोडाव्यात व पकडीच्या जबड्यांना कापड गुंडाळावे.

७) गोल हवा असेल तर गोल रेषा ओढून तिच्यापासून कडेपर्यंत चार-सहा आडव्या रेषा द्याव्यात आणि बाहेरचा भाग थोडाथोडा काढावा. आत वळणारा कोपरा हाताने निघत नाही, त्याचा हट्ट धरू नये.

८) आरसा असेल तर रेषा काचेच्या बाजूने द्यावी, रंगाच्या बाजूने कधीही नाही. नक्षीदार काच असेल तर गुळगुळीत बाजूने.

कापडात शिलाईसाठी जागा सोडावी लागते. काचेत चिरेने काही जात नाही, म्हणून फूटभर चौकोनातून हिशेबाने इंचाचे १४४ तुकडे निघतात. प्रत्यक्षात फूट-तूट होते. त्यासाठी नगांची संख्या आधीच कमी धरावी.

धार आणि धाग्याची कसोटी

येथेच माल बनतो किंवा बिघडतो. प्रत्येक तुकड्याची कड ओल्या दगडावर किंवा ओल्या वॉटर पेपरवर घासावी, आधी १२० नंबर आणि मग २२०. कोरडे घासू नये, काचेची धूळ छातीत जाऊ देऊ नये. घासल्यावर आरसा लगेच पुसून सुकवावा, नाहीतर ओल मागे शिरते आणि कड काळी पडते.

नंतर आमची कसोटी. ज्या धाग्याने टाके घालायचे तोच धागा कडेवरून ताणून दहा वेळा ओढावा. धागा फिसकटला तर तुकडा परत दगडावर. प्रत्येक डझनातून दोन तुकडे असे तपासल्याशिवाय आम्ही आता माल घरोघरी देत नाही. ही तपासणी दुकानदाराने करावी. टाके घालणा-या बाईवर ती सोडणे म्हणजे आपली जोखीम तिच्या मजुरीवर टाकणे होय. घासण्याचे काम नगावर द्यावे व त्याचा दर कापण्याच्या दरात मिसळू नये. मिसळला की कारागीर घासणे टाळतो. आणि भाव काढताना दर किलोचा नव्हे, चांगल्या डझनाचा धरावा.

शेवटी एक आठवण करून देतो. आमच्यापासून जवळच असलेल्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीने लोकांकडून एक-एक पैसा गोळा करून तो उभारला गेला आणि तेथे शिकलेल्या हातांनी काचेचा हुनर पुढे नेला. पुढे १९१६ साली क-हाडजवळ ओगले काच कारखाना निघाला व त्याचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. आमच्या भागाला काच नवी नाही. कटर आणि दगड यांना लागणारे भांडवल थोडे आहे. घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने दोन महिने रोज तासभर हात बसवला तर बाहेरून विकत घ्यावा लागणारा माल घरातच तयार होईल. फक्त पहिल्या दिवशी तोडण्याइतकेच घासणेही शिकवावे.