भिवंडीची रेल्वे आणि शेतकऱ्याचा माल

भिवंडी हा मूळचा खाडीकांठचा व्यापारी गांव. कामवारीच्या पाण्यावरून होड्यांनीं भात, गवत व लांकूड बाहेर जात असे. सन १८५४ मध्यें लोहमार्ग कल्याणास पोहोंचला आणि भिवंडी बाजूस पडली. पुढें पुष्कळ वर्षांनीं दिवा व वसई यांस जोडणारा सुमारें ४२ किलोमीटरांचा मार्ग झाला व त्यावर 'भिवंडी रोड' हें स्टेशन आलें. मध्य व पश्चिम रेल्वेंचा हा दुवा असल्यानें मालगाड्या येथून जातात, उतारूंच्या गाड्या थोड्या. परंतु पुढून जाणारी गाडी निराळी आणि आपला माल घेण्यास थांबणारी गाडी निराळी, हा भेद शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावा.

सन २०२० मध्यें या स्टेशनावरून पार्सलगाड्या सुटूं लागल्या. आसामांतील अझारा व हावड्यानजीकचें सांकराईल येथवर त्या गेल्या. तो माल बहुतेक आसपासच्या गोदामांतला होता. भाताच्या खळ्यांतला नव्हे. असें कां व्हावें?

शेतापासून स्टेशनापर्यंत टेंपो, तेथें हमाली, पलीकडे पुन्हां हमाली व पुन्हां गाडी, हा खर्च अंतर कितीहि असो, पडतोच. केवळ रीत समजण्यासाठीं आंकडे घेऊं. हा जादा खर्च क्विंटलीं १२० रुपये, लॉरीचें भाडें किलोमीटरास ४० पैसे व रेल्वेचें २० पैसे धरिलें, तर ६०० किलोमीटरांवर दोन्ही वाटा सारख्या पडतात. त्याहून जवळच्या बाजारास लॉरीच स्वस्त. वाशीच्या मार्केटास भाजी रेल्वेनें धाडण्याचा विचार कोणी करूं नये. अडीच हजार किलोमीटरांस मात्र लॉरीचे १,००० रुपये होतात, रेल्वेचे ६२०.

वाड्याच्या कोलम तांदळास सन २०२१ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे. असा टिकाऊ व नांवाजलेला माल दूरच्या गिऱ्हाइकास पाठविण्याजोगा खरा. पण पार्सलच्या एका डब्यांत २३ टन, म्हणजे २३० क्विंटल मावतात. एकट्या लहान खातेदाराच्यानें तो कोठून भरावा? तेवीस जणांनीं दहा दहा क्विंटल एकत्र केले तर भरतो, आणि हें काम सहकारी सोसायटीचेंच आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून दानापुरास पहिली किसान रेल्वे सुटली. तींत थोडाहि माल घेत असत व फळ-भाजीस भाड्यांत निम्मी सवलत पुढें मिळाली. अशा सवलतीवर कायमचा हिशेब बांधणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

डबा मागण्यापूर्वीं सोसायटीच्या चिटणीसानें स्टेशनांत समक्ष जाऊन विचारावें: गाडी कोणत्या वारीं सुटते, माल चढविण्यास किती तास फुकट मिळतात, उशीर झाल्यास दंड काय, आणि पोतीं ठेवावयास छप्पर आहे कीं नाहीं. कोंकणांतल्या आषाढसरींत उघड्यावर राहिलेला तांदूळ गिऱ्हाइकाच्या दारीं कुबट होऊनच पोहोंचतो.