आधी फ्रेम पूर्ण करा, मग लहान

दिवाळीच्या शुभेच्छांसाठी बनवलेलं एक हलतं जिफ परिचितांनी माझ्याकडे दुरुस्तीला पाठवलं. कमांडलाइनवर इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या साधनाच्या ‘रिसाइझ’ने ते निम्म्यावर आणलं होतं. पणती लहान झाली, पण ज्योत तिला सोडून उजवीकडे खाली हवेत तेवत होती!

असं होतं, कारण बहुतेक जिफमध्ये पहिली फ्रेम तेवढी पूर्ण असते. पुढच्या फ्रेममध्ये फक्त बदललेला तुकडा, तो कुठे ठेवायचा ती जागा आणि नंतर त्याचं काय करायचं ही सूचना: राहू द्या, पुसा किंवा आधीचं चित्र परत आणा. ‘रिसाइझ’ तुकडा लहान करतं, त्याची जागा मात्र जुन्याच मापाची राहते. टक्क्यांऐवजी ३०० पिक्सेल रुंदी मागितलीत तर आणखी मजा: इवलीशी ज्योतसुद्धा ३०० पिक्सेलची होते. ‘आयडेंटिफाय’ चालवून पाहा. प्रत्येक फ्रेमचं माप आणि जागा समोर येते.

म्हणून क्रम असा: आधी ‘कोअलेस’, म्हणजे प्रत्येक फ्रेम पूर्ण होते, मग ‘रिसाइझ’, शेवटी ‘लेअर्स ऑप्टिमाइझ’, नाहीतर फाइल विनाकारण फुगते. ‘मॉग्रिफाय’पासून जपा, ते मूळ फाइलवरच लिहितं.

ज्योत जागेवर आली, तरी पारदर्शक भागाच्या कडांचा प्रश्न उरतोच. १९८९च्या जिफ-८९ए या आवृत्तीने पारदर्शकता आणली, पण ती ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच. जास्तीत जास्त २५६ रंगांच्या तक्त्यातला एक रंग पारदर्शक ठरवायचा, बस्स. लहान करताना कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक होतात आणि जिफ लिहिताना ते एकतर पूर्ण ठेवले जातात, नाहीतर उडवले जातात. मग कड करवतीसारखी दातेरी. मूळ चित्र पांढऱ्यावर काढलेलं असेल तर भोवती पांढरी रेघही उमटते. पांढऱ्या पानावर ती दिसत नाही, म्हणून तपासणी नेहमी गडद रंगावर करा. जुन्या खेळांसारखं ठोकळ्या-ठोकळ्यांचं चित्र असेल तर ‘रिसाइझ’ऐवजी ‘सॅम्पल’ वापरा. ते नवे रंग तयारच करत नाही.

मऊ सावल्या, धूर, प्रकाशवलय हवं असेल तर जिफचा हट्ट सोडावा. एपीएनजी आणि वेबपी हे फाइल-प्रकार पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या सांभाळतात. पण जिफमधून एकदा गेलेली अर्धपारदर्शकता त्यांतही परत येत नाही. मूळ पीएनजी फ्रेम हाताशी असतील तर जिफशी झटापट करू नका, त्यांच्यावरूनच नव्या मापाची फाइल बनवा.