गळाची दोरी : पल्ला आणि सुरक्षितता

कोकणच्या किनाऱ्यावर व खाड्यांच्या काठी गळाने मासे धरण्याची, म्हणजेच गरवण्याची, रीत फार जुनी आहे. होडी आणि जाळी बाळगण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबालाही या साध्या साधनाने घरापुरती ताजी मासळी मिळते. पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्या काळात या साधनाचे महत्त्व विशेष जाणवते. अलीकडे काठी व रीळ घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींचीही त्यात भर पडली आहे. काठी आणि रीळ घेताना पुष्कळ चौकशी केली जाते. दोरी मात्र ‘जाड ती मजबूत’ एवढ्याच हिशेबाने निवडली जाते. हा हिशेब अर्धाच खरा आहे.

जाडी वाढली की पल्ला घटतो

फेकलेले शिसे आपल्यामागे दोरी ओढीत नेते. काठीवरील कड्यांशी व रिळाच्या कडेशी होणारे घर्षण आणि हवेचा रोध यांमुळे शिशाचा वेग उणावत जातो. दोरी जितकी जाड, तितका हा रोध अधिक. दोरीची ताकद तिच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.३० मिलिमीटरऐवजी ०.४० मिलिमीटर जाडीची दोरी घेतली, तर ताकद सुमारे पावणेदोन पट होते; परंतु ज्या रिळावर पूर्वी २४० मीटर दोरी मावत होती, त्यावर आता १३५ मीटरच मावते. फेकीत रीळ लवकर खोल जाते, दोरी कडेवर अधिक घासते आणि शिसे जवळच पडते.

दोरीचे तीन प्रकार

पूर्वी गळासाठी सुती वा रेशमी दोरी वापरीत असत. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ साली वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले आणि पुढे मासेमारीचे स्वरूपच पालटले. आपल्याकडे ‘तंगूस’ म्हणून ओळखला जातो तो नायलॉनचा एकेरी धागा होय. तो स्वस्त असतो, त्याची गाठ चांगली बसते आणि तो ताणला जात असल्याने माशाचा हिसका सोसतो. मात्र तो पाणी शोषून काहीसा दुबळा होतो, उन्हाने कमजोर पडतो आणि रिळावर फार दिवस राहिल्यास त्याला वेटोळ्यांची सवय लागते.

दुसरा प्रकार पॉलिथिलीनच्या अतिमजबूत तंतूंपासून विणलेल्या दोरीचा. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ती पुष्कळ बारीक असल्याने फेक लांब जाते. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे दूरवरच्या माशाने आमिषाला तोंड लावलेले हाताला लगेच कळते. परंतु खडकावर ती चटकन कापली जाते आणि ताणलेल्या अवस्थेत बोटही कापते.

तिसरा प्रकार फ्लुरोकार्बनचा. हा धागा पाणी शोषत नाही, घर्षणाला चांगला टिकतो आणि पाण्यापेक्षा सुमारे पावणेदोन पट जड असल्याने बुडतो. त्याचा अपवर्तनांक १.४२ असून पाण्याचा १.३३ आहे, नायलॉनचा सुमारे १.५३. म्हणून पाण्यात तो कमी दिसतो. तो ताठर व महाग असल्याने संपूर्ण रीळ त्याने भरण्यापेक्षा गरीजवळच्या तुकड्यासाठी वापरणे श्रेयस्कर.

लीडरचे कार्य

पल्ल्यासाठी बारीक दोरी हवी आणि टिकाऊपणासाठी जाड, या पेचावर उपाय म्हणजे कामाची वाटणी. मुख्य दोरी बारीक ठेवावी व तिच्या टोकाला जाड धाग्याचा तुकडा, म्हणजे लीडर, जोडावा. फेकीचा सारा झटका त्याने सोसावयाचा असतो. ऐन फेकीत दोरी तुटली, तर सुटलेले शिसे गोळ्यासारखे भिरकावले जाते. गर्दीच्या किनाऱ्यावर यामुळे एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

जोरदार फेकीसाठी अनुभवी मंडळी एक ठोकताळा वापरतात : शिशाच्या दर २८ ग्रॅम वजनामागे लीडरची ताकद सुमारे साडेचार किलोग्रॅम असावी. म्हणजे १०० ग्रॅम शिशासाठी सुमारे १६ किलोग्रॅम ताकदीचा लीडर हवा. फेकीसाठी शिसे लोंबत असताना लीडर काठीच्या टोकावरून रिळापर्यंत पोहोचून त्यावर त्याचे पाच-सहा वेढे बसावेत, इतका तो लांब ठेवावा. जोडगाठ बारीक असावी, आवळण्यापूर्वी ओली करावी आणि फेकताना बोटाखाली येऊ देऊ नये.

लीडरचे दुसरे काम घर्षणापासून रक्षणाचे. कालवे चिकटलेल्या खडकांत आणि जिताड्यासारख्या धारदार कल्ल्यांच्या माशासाठी तो जाडच हवा. सुरमईच्या दातांपुढे मात्र कोणताही धागा टिकत नाही. तेथे गरीजवळ तारेचा आखूड तुकडा लावावा. काठीविना हाताने गळ टाकणाऱ्यांनी विणीची बारीक दोरी टाळून जाड तंगूसच वापरावा.

निगा आणि जबाबदारी

खाऱ्या पाण्यातून परतल्यावर दोरी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. प्रत्येक वेळी शेवटचे काही मीटर दोन बोटांतून फिरवून पाहावे. खरखरीत लागलेला भाग निर्धास्तपणे कापून टाकावा. काही पैशांच्या दोरीपायी मासा, गरी आणि शिसे गमावण्यात शहाणपण नाही.

कापलेले तुकडे मात्र किनाऱ्यावर टाकू नयेत. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. त्यांनाही असे तुकडे घातक ठरतात. ते गोळा करून घरी आणावेत. फेकण्यापूर्वी मागे व बाजूला पाहण्याचीही सवय लावून घ्यावी. योग्य दोरी, योग्य लीडर आणि एवढी दक्षता असेल, तर गळ दूर पडेल आणि त्यापासून कोणाला इजाही होणार नाही.