तारेवरचा डॉक्टर

खेड्यातल्या एखाद्या आजींना दहा वर्षांचा मधुमेह असतो. पायांना मुंग्या येतात, टाचेला भेग पडते. तज्ज्ञ डॉक्टर जिल्ह्याच्या गावी. एका भेटीसाठी एस.टी.चे भाडे, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी आणि सगळा दिवस. मग 'पुढच्या महिन्यात बघू' असे होते आणि तोवर भेगेची जखम चिघळते.

ही पायपीट वाचावी म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये 'ई-संजीवनी' ही मोफत सेवा सुरू केली. आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब व साखर मोजतात आणि पडद्यावरून दूरच्या डॉक्टरांशी रुग्णाची गाठ घालून देतात. एप्रिल २०२० पासून घरच्या मोबाईलवरूनही सल्ला घेता येऊ लागला.

मात्र हे सारे इंटरनेटच्या वेगावर अवलंबून आहे. नुसत्या बोलण्याला थोडा वेग पुरतो. जखम, पुरळ किंवा रुग्णाचा श्वास डॉक्टरांना दिसायचा, तर चित्र स्पष्ट व अखंड जायला हवे. आपल्याकडून जाणारा वेगही येणाऱ्या वेगाइतकाच महत्त्वाचा असतो. चित्र अडले की तपासणी अर्धवट राहते.

'भारतनेट' योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबरची तार नेली जाते. पण पंचायतीत तार आली म्हणजे उपकेंद्रात आली असे नव्हे. शिवाय रस्त्याच्या खोदाईत एकेरी तार तुटली, की पुढची गावे बंद पडतात. म्हणून २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित योजनेत तारेचे कडे करण्याचे ठरले. एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने जोडणी चालू राहते.

वाचकहो, येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न जरूर विचारा. उपकेंद्रात जोडणी आहे का? वीज गेल्यावर यंत्रणा चालते का? बिघाड झाल्यास कोणाला कळवायचे?

सल्ला घेताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे व तपासण्यांचे अहवाल जवळ ठेवा. उजेडात बसा. ॲलर्जी किंवा गरोदरपण असल्यास न विचारताही सांगा. मधुमेह व रक्तदाबाचा पाठपुरावा, त्वचेच्या तक्रारी, मनाचे आजार यांसाठी ही सोय चांगली. पोट दाबून पाहणे मात्र दुरून शक्य नाही. तसे डॉक्टरांनी सांगितल्यास प्रत्यक्ष जावेच.

आणि छातीत कळ, धाप, सर्पदंश, झटके, एका बाजूची शक्ती जाणे, फार रक्तस्राव किंवा बाळ सुस्त पडणे, यांपैकी काहीही झाल्यास पडद्यासमोर वेळ घालवू नका. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तारेने सल्ला येतो. सुई, सलाईन आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच मिळते.