सामाजिक सुरक्षा, सामाजिक संरक्षण आणि जकात

‘सामाजिक सुरक्षा’ आणि ‘सामाजिक संरक्षण’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांत भेद आहे, आणि तो ध्यानात घेतल्याविना आपल्या जकातीचा विनियोगही नीट होत नाही.

हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती वाहणारा हमाल घ्या. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याखाली त्याची नोंदणी झालेली असेल, तर मजुरी मंडळामार्फत मिळते. मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेतली जाते आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान असे लाभ दिले जातात. ही सामाजिक सुरक्षा : काम, नोंदणी आणि अंशदान यांतून आलेला हक्क. पण ऊसतोडीला परजिल्ह्यात जाणाऱ्या मजुराची विधवा, जिचे नाव अशा कोणत्याही नोंदवहीत नाही, तिचे काय? तिच्यासाठी रेशन, रोजगार हमी, संजय गांधी निराधार अनुदान योजना आहेत. सुरक्षेला पोटात घेऊन जे छत्र हिच्यापर्यंतही पोहोचते, ते सामाजिक संरक्षण.

इस्लामी परंपरेत दोन्ही रूपे आढळतात. अनवधानाने झालेल्या मनुष्यवधाची दियत एकट्याने नव्हे, तर त्याच्या ‘आकिला’ने वाटून द्यावयाची असते. हजरत उमर (रजि.) यांनी दीवान स्थापन केल्यावर, हनफी फुकहांच्या मते, ही जबाबदारी एकाच दीवानात नोंद असलेल्यांवर आली, नात्याची जागा नोंदवहीने घेतली. माथाडी मंडळाची कल्पना याहून फार दूरची नाही, असे मला वाटते. जकातची रीत मात्र वेगळी. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत हक्कदारांचे आठ वर्ग आहेत. त्यांत कोणी पूर्वी काही भरले होते काय, हा प्रश्नच नाही.

अटींचेही एक शास्त्र असते. हजरत उमर (रजि.) यांच्या काळी बालकाला वजीफा दूध सुटल्यावर मिळे. त्यासाठी एक आई बाळाचे दूध वेळेआधीच तोडत आहे असे कळताच त्यांनी तो जन्मापासून लागू केला. निराधार योजनेतील २१,००० रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा पाहिली की हे आठवते. महिना दोन हजार मिळवणारी विधवाही तिच्याबाहेर जाते!

अनुदान घेणे म्हणजे भीक, ही समजूत चुकीची आहे. अनुदान मिळते म्हणून तिला जकात लागू होत नाही, ही तर त्याहून चुकीची. हनफी मसलकानुसार मूलभूत गरजा व कर्ज वगळून साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता जिच्याजवळ नाही, ती इतर शर्ती पूर्ण होत असल्यास जकातीची हक्कदार आहे. २०२३ पासून मिळणारे दरमहा १५०० रुपये घरखर्चात संपतात. त्यांनी कोणी साहिबे-निसाब होत नाही.

तहसील कचेरीत विधवेचा अर्ज अडतो तो बहुधा पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावयास हवी. पुढे विलंब शुल्क आणि हेलपाटे लागतात. जनाजाची नमाज पढविणाऱ्या इमामाने दफनानंतर त्याच आठवड्यात मय्यतीच्या घरी याची आठवण द्यावी, आणि मस्जिदीच्या जमाअतीतील एखाद्या तरुणाने त्या घरातल्या माणसासोबत ग्रामपंचायतीत जावे.