दामले-फत्तेलाल यांचे संतपट : शब्द आणि दृश्य

मराठी बोलपटाच्या आरंभकाळाचा विचार करताना दिग्दर्शक म्हणून व्ही. शांताराम यांचे नाव प्रथम घेतले जाते. विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल यांची गणना मात्र बहुधा 'प्रभात'च्या तंत्रज्ञांत होते. ही वाटणी अगदीच निराधार नाही, पण अपुरी आहे. दोघेही बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले आणि 1929 साली कोल्हापुरात 'प्रभात' स्थापन झाली तेव्हा तिचे भागीदार झाले. 'अयोध्येचा राजा' (1932) या 'प्रभात'च्या पहिल्या बोलपटाचे ध्वनिमुद्रण दामल्यांकडे आणि कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे होते. बोलपटातील 'बोल' एकाचा आणि 'पट' दुसऱ्याचा, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांच्या दिग्दर्शनाचे खरे यश 'संत तुकाराम' (1936) मध्ये दिसते. व्हेनिसच्या महोत्सवात 1937 साली या चित्रपटाचा गौरव झाला. शिवराम वाशीकरांच्या पटकथेत चमत्कार आहेतच. परंतु चित्रपट तोलून धरते ती गौरीने उभी केलेली जिजाई. तिचा त्रागा, तिची म्हैस, पोरांच्या तोंडचा घास यांमुळे अभंगाला जमीन मिळते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद अनेकांनी तुकोबांचेच मानले, हे अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावे. गाथेची भाषा चित्रपटाने किती आत्मसात केली होती, याचे याहून बोलके प्रमाण नाही.

'संत ज्ञानेश्वर' (1940) संबंधी असे म्हणता येत नाही. ज्ञानेश्वरांच्या जीवनातील सर्वांत मोठी घटना अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवाशाची आहे. शके 1212 मध्ये तेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. खांबाला टेकून केलेले निरूपण कॅमेऱ्याला काय देणार? पैठणचा रेडा आणि आळंदीची भिंत त्याला हवे ते देतात. परिणामी तंत्रकौशल्य वाढले, पण ओवीचा विस्मय मागे पडला. तुकोबांचा संसार दृश्य होता. ज्ञानदेवांचे कर्तृत्व वाणीत होते. हा दोष केवळ दिग्दर्शकांचा म्हणणे अन्यायाचे होईल.

या चित्रपटातील प्रौढ ज्ञानेश्वर साकारणारे शाहू मोडक मूळचे अहमदनगरचे, आणि ख्रिस्ती कुटुंबातले. नगरच्या ख्रिस्ती समाजाला अभंग परका नव्हता, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी याच गावी राहून ख्रिस्तभक्तीला संतांचे वळण दिले होते. त्यामुळे फत्तेलाल या मुसलमान कलावंताने मोडकांमध्ये ज्ञानदेव पाहावा, यात नवल वाटण्याचे कारण नाही. त्यानंतर राजा नेने यांच्यासह 'संत सखू' (1941) आला. 1945 साली दामल्यांचे निधन झाले आणि ही जोडी कायमची तुटली.